तांब्यावरचे दोन शब्द

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, म्हणजे अर्धी लढाई मी जिंकले. चार वर्षं आपण फोनवर तब्येत आणि हवापाणी यापलीकडे गेलो नाही. आज कामाचं लिहिते. तेवढं मला धड लिहिता येतं.

इथल्या वैद्यकीय महाविद्यालयानं माझ्याकडून तांब्याची मोठी पाटी करून मागितली आहे. ज्यांनी आपला देह तिथे शिकणाऱ्यांना दिला, त्यांच्यासाठी. शरीररचना शिकवतात त्या दालनाच्या दाराशेजारी ती बसेल. हे वाचून पत्र खाली ठेवू नकोस. आपले बाबाही त्यांतलेच, हे मी तिथे कुणाला बोलले नाही. काम माझ्या हाताकडे बघून मिळावं, बापाकडे बघून नव्हे.

पाटीच्या मध्यभागी एक उघडा हात उठवला आहे. राळेवर पत्रा बसवून मागच्या बाजूनं ठोकायचा, कडक झाला की तापवून मऊ करायचा, पुन्हा ठोकायचा. असे अकरा दिवस गेले. अंगठा बाबांच्या अंगठ्यासारखा वाकडा आला. मुद्दाम केला नव्हता, पण सरळही केला नाही.

हाताखाली लॅटिन वचन हवं, असा विभागप्रमुख डॉक्टरीणबाईंचा हट्ट. त्यांच्याकडे हाडं नि स्नायूसुद्धा लॅटिन नावांनीच वावरतात म्हणे. त्यांनी तीन ओळी लिहून दिल्या. पहिलीचा अर्थ, ‘मेलेले जिवंतांना शिकवतात.’ खरं आहे, पण ‘मेलेले’ या शब्दानं सुरू होणारी ओळ माझ्या छिन्नीला पेलेना. दुसरी चांगली होती, पण लांबलचक. पाटीवर बसवायची तर अक्षरं मुंगीएवढी करावी लागली असती. तिसरी म्हणजे ‘शांत राहा.’ ती वाचून मी एकटीच हसले. पहाटेपासून घण घालून अख्खी गल्ली उठवणाऱ्या माणसाच्या हातून ‘शांत राहा’! तू लहानपणापासून मला उगाच ‘टकटक’ म्हणत नाहीस.

मग मागच्या गल्लीतल्या निवृत्त भाषाशिक्षिकेकडे गेले. सगळे त्यांना व्याकरणबाई म्हणतात, तोंडावरसुद्धा. त्यांनी विचारलं, “तुला स्वतःला काय म्हणायचंय ते आधी सांग, लॅटिन मी बघते.” मी म्हटलं, “अजून शिकवतोय.” का कोण जाणे, एवढंच तोंडून निघालं. त्यांनी कागदावर लिहिलं: ‘डोकेट आडहुक.’ दोनच शब्द. जुन्या लेखांत ‘यू’ऐवजी ‘व्ही’ कोरतात, हेही सांगितलं. मला बरंच झालं, सरळ रेघा छिन्नीला सोप्या.

शब्द कोरून झाले आणि मी बाईंना पाटी बघायला बोलावलं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, “अगं, पाटी कितीजणांसाठी आहे? हे तर एकाच माणसाबद्दल झालं. सगळ्यांसाठी हवं असेल तर मध्ये एक ‘एन’ लागतो.” दादा, मी सांगितलं होतं एकाचंच. त्या पाटीसाठी पाठवलेल्या यादीत दोनशे सात नावं आहेत. कुणाची आई, कुणाचा नवरा. मी त्या शब्दांची पट्टी कापून काढली, तिथे नवी बसवली आणि पुन्हा कोरायला घेतलं. ‘डोकेंट आडहुक’. अजून शिकवतात. त्या एका अक्षरासाठी चार दिवस गेले, आणि त्या चार दिवसांत बाबा गेल्याचं मी पहिल्यांदा पोटभर रडून घेतलं.

आता जे चार वर्षं बोलले नाही ते लिहिते. बाबा गेले त्या सकाळी डॉक्टर म्हणाले होते, सहा तासांच्या आत न्यायला हवं. तू पोचायला चौदा तास होते. बाबांनी देहदानाचा फॉर्म स्वतःच्या हातानं भरला होता आणि मला बजावलं होतं, कुणासाठी थांबू नकोस. मी थांबले नाही. तू दारात आलास तेव्हा रिकामा पलंग होता, आणि तू म्हणालास, “मला विचारायचं तरी.” त्यांचा शब्द पाळला याचा मला पश्चात्ताप नाही, उद्या पुन्हा तेच करीन. पण गाडी बोलावण्याआधी तुला एक फोन करता आला असता. तो मी केला नाही, कारण तू ‘थांब’ म्हणशील याची मला भीती वाटली. ती चूक माझी, बाबांची नाही.

सोबत एक फॉर्म आहे. माझा. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे, अजून वीस वर्षं तरी पत्रे ठोकीन. निर्णय पक्का आहे, तो बदलायला हे पत्र नाही. पण साक्षीदार म्हणून जवळच्या माणसाची सही तिथे लागते, आणि मला तुझ्याशिवाय कोण आहे? शेजारी सही द्यायला तयार आहेत. मी नको म्हटलं. या वेळी तुला आधी सांगते आहे. रागवायचं असेल तर रागव, भांडायचं असेल तर भांड, पण समोर बसून. सही केलीस तर पोस्टानं पाठवू नकोस. घेऊन ये.

तुझीच,
टकटक