सत्कर्माची पेटी

पेण, सोमवार

प्रिय दर्शना,

अक्षर ओळखलंस ना? आठवी ‘ब’च्या फळ्यावर रोज सुविचार लिहायचं ते हेच. तुझा पत्ता तुझ्या आईनं दिला. पत्ता म्हणजे काय, “रोह्याचा पूल वलांडला की अष्टमी, तिथं मेडिकलच्या मागं वरच्या खोलीत चार पोरी रातात, त्यातली एक माजी.” एवढ्यावर पोस्टमन काय शोधणार? ती उद्या पुन्हा शाळेत येणार आहे, म्हणून हे पाकीट तिच्याच हाती देते आहे. तिला वाचता येत नाही हे माहीत असूनही मी ते चिकटवलं आहे.

तू कंपनीत पॅकिंगला असतेस, शिफ्ट बदलत राहते, आणि आता केस आखूड ठेवतेस, हेही तिच्याकडूनच कळलं. तुझी जाड वेणी मला आठवते. प्रार्थनेच्या वेळी मागची मुलगी ती हळूच ओढायची आणि तू न हसता उभी राहायचीस. शाळा आहे तशीच आहे. मैदानातलं चिंचेचं झाड दोन वर्षांपूर्वी वादळात गेलं. चॅपलला नवा रंग दिलाय. सिस्टर आग्नेसचे गुडघे दुखतात, पण सकाळच्या घंटेला त्याच फाटकात उभ्या असतात. आणि शुक्रवारचं पत्र अजून मीच लिहिते. आता ते कागदावर कमी आणि पालकांच्या फोनवर जास्त जातं. वाढदिवस, परीक्षेच्या तारखा, कुणाची आजी वारली, कुणी धावण्यात जिल्ह्यात पहिली आली, आणि शेवटी माझं छोटं चिंतन. पालक सांगतात की बाकीचं वाचू न वाचू, शेवटचा परिच्छेद वाचतोच. हे ऐकून मला अजून बरं वाटतं. तुझ्यापासून काय लपवू?

चॅपलबाहेरची पेटीही आहे. निळ्या रंगाची, वर चिठ्ठी टाकायची फट. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस मुलींनी आपण केलेलं किंवा पाहिलेलं एक चांगलं काम चिठ्ठीवर लिहायचं, नाव न घालता पेटीत टाकायचं, आणि मी त्यातली एक निवडून शुक्रवारी त्यावर लिहायचं. कल्पना माझीच होती. नाव न घालण्याची अटही माझीच. पण वर्षभर ज्यांच्या वह्या तपासते त्यांची अक्षरं मला कळणार नाहीत का?

सहा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये तुझी चिठ्ठी निघाली. तिरक्या अक्षरात, पेन्सिलनं लिहिलेली. “आज मी वैशालीला चिंबोरीचं कालवण दिलं. तिनं मागितलं म्हणून. तिनं सगळं खाल्लं, नांगी पण दातानं फोडली. मला तिची बटाट्याची भाजी दिली. ती बरी होती.” मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले होते. तुझे बाबा, वाळू, तेव्हा धरमतरच्या खाडीत चिंबोऱ्या पकडून पेणच्या बाजारात विकायचे. तुमच्या आदिवासी वाडीवरची बाकीची घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची. तुझी शाळा मोडू नये म्हणून फक्त तुमचं घर मागं थांबलेलं. हेही मला तेव्हा माहीत होतं.

मग मी लिहायला बसले. वैशालीच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही. तिचे वडील पालकसंघाचे अध्यक्ष. तिनं चिंबोरी खाल्ली हे शुक्रवारच्या पत्रात गेलं असतं तर तिला घरी मार बसला असता. तेव्हा मी स्वतःला हेच कारण दिलं. पण ते खरं असतं तर मी दुसरी चिठ्ठी घेतली असती, चांगल्या चिठ्ठ्या काही कमी नव्हत्या. खरं असं की तुझी गोष्ट उलटी केली की ती फार सुंदर दिसत होती. मी लिहिलं: “एका मुलीच्या डब्यात त्या दिवशी काहीच नव्हतं. तिच्या शेजारणीनं एक शब्दही न बोलता आपला डबा तिच्यापुढे सरकवला.” पुढे रिकाम्या डब्यावर आणि भरल्या हातांवर चार ओळी. नाव कुणाचंच नव्हतं. पण वाडीवरून येणारी मुलगी वर्गात एकच होती आणि तिच्या शेजारी वैशाली बसायची. शनिवारी सकाळपर्यंत सगळ्या पालकांना दोघींची नावं कळली होती. सोमवारी प्रार्थनेत वैशालीला सत्कर्माचा बिल्ला मिळाला. तिनं तो लावून घेतला. तेरा वर्षांची पोर, दुसरं काय करणार होती?

त्यानंतर मधल्या सुट्टीत जे सुरू झालं ते मी व्हरांड्यातून पाहत होते. तुझ्या बाकापुढे रांग. “आज माझा नंबर, काल तू तिचं खाल्लंस ना गो.” “अगं निदान एक घास तरी घे, मला चिठ्ठी टाकायचीय.” “ए रिकामा डबा, इकडे बघ, पुलाव आहे.” आणि पेटी उघडली की वहीच्या कागदांच्या घड्याच घड्या: मी दर्शनाला पोळी दिली. मी दर्शनाला लाडू दिला. मी दर्शनाला माझा सगळा डबा दिला आणि स्वतः उपाशी राहिले. आता त्या नावानिशी लिहायच्या. तुझं नाव आणि स्वतःचंही.

तू एकदा मोठा डबा घेऊन आलीस. ॲल्युमिनियमचा, कडीचा. तुझे बाबा त्या दिवशी तुझ्यासाठी पहाटे खाडीत उतरले असणार. तू उभी राहून झाकण काढलंस आणि सगळ्यांना म्हणालीस, “घ्या की, लय हाय.” कुणी घेतलं नाही. एक जण म्हणाली, “असू दे, तुला लागेल ना संध्याकाळी.” किती मायेनं म्हणाली ती! वैशालीनं नाकाला रुमाल लावला. तू झाकण परत लावलंस, कडी सरकवलीस आणि डबा दप्तरात घातलास. मी मध्ये आले नाही. सुट्टी संपायला पाच मिनिटं होती आणि मी चहा पीत होते.

त्याच दुपारी तू स्टाफरूमच्या दारात आलीस. “टीचर, माजा डबा रिकामा नव्हता. तुमी चिठ्ठी वाचली ना?” मी म्हटलं, “दर्शना, चांगल्या मुली आपण काय दिलं ते सांगत फिरत नाहीत.” तू विचारलंस, “मग त्या का टाकतात वो चिठ्ठ्या?” मी तुला खडू आणायला पाठवलं. तू आणलेस, दोन पांढरे आणि एक पिवळा, टेबलावर ठेवलेस आणि गेलीस. मे महिन्याच्या सुट्टीनंतर तू आली नाहीस. जूनमधल्या पहिल्या पत्रात मी लिहिलं, “आपली एक विद्यार्थिनी कौटुंबिक कारणानं शाळा सोडून गेली, तिच्यासाठी प्रार्थना करू या.” आणि मुलींनी खरंच प्रार्थना केली. त्या दिवाळीनंतर तुमचंही घर भट्टीवर गेलं. थांबायला कारण उरलं नव्हतं.

गेल्या गुरुवारी तुझी आई, येसू, आली. भट्टीवरून एका दिवसाची सुट्टी काढून, मालूला घेऊन. तू गेलीस तेव्हा मालू चार वर्षांची होती, आता पाचवीला येईल. डोळे तुझेच, पण ही बोलते फार. भिंतीवरच्या मेरीमातेकडे बघून मला विचारलं, “हिच्या पायाखाली साप हाय तो मेलेला हाय का जिता?” येसूला तिला बोर्डिंगला ठेवायचं आहे. नाहीतर दिवाळीनंतर तीही भट्टीवर कामाला लागेल. तिथं तिच्या वयाच्या पोरी कच्च्या विटा उलटवायला लागल्यात.

मग येसूनं रेशनकार्डाच्या पिशवीतून एक कागद काढला. प्लॅस्टिकमध्ये घातलेला, घडीवर झिजलेला. ते शुक्रवारचं पत्र. सहा वर्षं तिनं ते जपलंय. “टीचर, यात माज्या दर्शनाचं चांगलं लिवलंय. ती मला वाचून दावायची. तुमी एकदा वाचा ना वो, मालूला आयकू दे.” मी विचारलं, काय वाचून दाखवायची? म्हणाली, “ह्येच की, दर्शनानं चिंबोरी नेली, वर्गातल्या पोरींना वाटली, समद्यांनी खाल्ली, पोरगी हाताची मोकळी हाय. वाळू तर दोनदा वाचायला लावायचा. म्हनायचा, माजी चिंबोरी छापून आली.”

दर्शना, मी चष्मा लावला आणि तो कागद हातात धरून तू वाचायचीस तेच वाचलं. माझं एकही वाक्य न वाचता. नांगी दातानं फोडली हेही वाचलं. येसू पदरानं डोळे पुसत होती आणि मालू म्हणाली, “आये, आपन पन नेऊ ना चिंबोऱ्या.” माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चिंतन त्या दिवशी मी वाचलं, आणि ते तू तेराव्या वर्षी रचलेलं होतं.

आता मी हे का लिहिते आहे ते सांगते. बोर्डिंगमध्ये एकच जागा उरली आहे आणि यादी महिनाअखेरीला बंद होते. ती जागा मुंबईच्या एका माजी विद्यार्थिनीच्या देणगीची आहे. तिला ती डब्याची गोष्ट अजून आठवते. वर्षाच्या शेवटच्या शुक्रवारच्या पत्रात त्या दोघी आता कुठे आहेत ते वाचायला तिला आवडेल, असं तिनं कळवलंय. अट कुणी घातलेली नाही. सिस्टर फक्त म्हणाल्या, “आधी गोष्ट जाऊ दे, मग यादी करू.” मी त्यांना खरं सांगितलं. सगळं. त्यांनी एवढंच विचारलं, “शिल्पा, खरं छापल्यानं मालूला खाट मिळेल का?” तुझी चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे, पण ती या पाकिटात नाही. तू ती कुणाला दाखवशील अशी मला भीती वाटते. लेख लिहून झालाय, रिकाम्या डब्याचाच. चांगला झालाय. तू आता सज्ञान आहेस, म्हणून तुझ्या संमतीचा कागद सोबत जोडलाय, सहीच्या जागी पेन्सिलनं फुली केली आहे. वैशाली पनवेलला फार्मसी करते, ती लगेच हो म्हणाली. शनिवारी दुपारी तुला शिफ्ट नसते असं आईकडून कळलं. चॅपलच्या पायरीवर दोघींचा एका डब्यात जेवतानाचा फोटो घ्यायचा आहे. वेळेवर ये. येताना काही आणू नकोस, डबा वैशाली आणणार आहे.

तुझीच, आठवी ‘ब’ची,
शिल्पा टीचर