नको म्हणणारा पाहुणा हवा आहे

कोल्हापूर, रविवार

ती. दादास,

संयोगिताचा नमस्कार. तुझा गुडघा, वहिनीचं पित्त आणि तुम्हा दोघांचं एकमेकांशी बोलणं, तिन्ही सुरळीत असतील अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम. चिडलेल्या माणसाला आजारी पडायला वेळ नसतो.

दिवाळीपर्यंत माझा इंग्रजीचा क्लास चालला नाही, तर तो बंद करून पुण्याला तुमच्याकडे राहायला येईन, असं मी कबूल केलं होतं. (नातवंडं सांभाळायला, हे तू बोलला नाहीस, पण माझ्या खोलीत आधीच पाळणा टांगलास.) विद्यार्थी उरले होते तीन, आणि त्यातला एक फक्त पंख्याखाली बसायला यायचा. म्हणून तुझ्या अनुजाने मला ब्लॉग लिहायला बसवलं. म्हणे, ‘आत्या, हल्ली लोक आधी फोनवर बघतात, मग दारात येतात.’ मी नाक मुरडलं. स्वतःबद्दल बोलणं म्हणजे तोंड न झाकता जांभई देणं, असं आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या. तरी स्वल्पविरामावर, काट्याचमच्याच्या शिस्तीवर इंग्रजीत सुंदर निबंध लिहिले. वाचक एकच, अनुजा. तिनेही वाचले नव्हते, हे नंतर कळलं.

मग विजयसिंहाचं प्रकरण घडलं. हा माझा जुना विद्यार्थी, आता स्वतःची फाउंड्री आहे. (इंग्रजी अजून कच्चं, पोट मात्र पक्कं.) त्याच्याकडे ऑर्डर द्यायला एक जर्मन गृहस्थ आले. रात्री घरी जेवण, आणि दुभाषी म्हणून मी. पाहुण्याने ताट पुसून स्वच्छ केलं, कारण पानात टाकू नये असं त्याला आईने शिकवलेलं. आपल्याकडे रिकामं ताट दिसलं की काय होतं, ते तुला सांगायला नको. पांढरा रस्सा आला. तो ‘नो, थँक यू’ म्हणाला. मी सांगितलं, नको म्हणतोय. विजयसिंह म्हणाला, ‘पयल्यांदा सगळीच म्हणत्यात की, मॅडम!’ तांबडा आला. बिचाऱ्याने तोही संपवला, म्हणजे अजून हवाय, असं घराने एकमताने ठरवलं. शेवटी त्याने ताटावर हात आडवा धरला, तर विजयसिंहाच्या आईने, चिमणाबाईंनी, तो हात मायेने उचलून बाजूला ठेवला आणि भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी त्याला फाउंड्री बघायची होती. त्याने हॉटेलचं न्हाणीघर तेवढं बघितलं.

आणि विजयसिंहाने फोन करून मलाच म्हणावं, ‘मॅडम, तुमचं इंग्लिश कमी पडलं वाटतंय’! माझं इंग्रजी! मी तशीच बसले आणि कोल्हापुरी आग्रहावर एका दमात मराठीत लिहून काढलं. पाहुणा म्हणजे उसाची ट्रॉली नव्हे, मावेल तेवढं भरून वर दोर आवळायला, अशी सुरुवात होती. (शेवट इथे लिहीत नाही, वहिनी वाचेल.) विजयसिंहाचं नाव मी सभ्यपणे गाळलं होतं. त्यानेच ते सगळ्या फाउंड्रीवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं आणि वर लिहिलं, ‘आमच्या मॅडमनी मलाच झाडलंय. वाचा की!’ लग्नात आहेर मिरवावा तसं. तेव्हापासून फोन थांबत नाही. हुपरीचे एक चांदीवाले म्हणाले, ‘आमच्याकडं बी परदेशी पावणं येत्यात, आमास्नी बी जरा बोला की.’ माणसं बोलणी खायला नाव नोंदवतात, दादा! सकाळची तुकडी भरली, संध्याकाळची भरत आली. जर्मनसुद्धा बरा होऊन ऑर्डर देऊन गेला. अनुजा म्हणते, याला सोशल मीडियाचा व्यावसायिक उपयोग म्हणतात. आमच्या शाळेत याला चहाडी म्हणत. काही का असेना, क्लास चालतो आहे आणि मी पुण्याला येत नाही.

तुझी धाकटी बहीण,
संयोगिता

ता. क. पुढच्या रविवारी प्रात्यक्षिक ठेवलं आहे. चिमणाबाई वाढणार, विद्यार्थ्यांनी पाहुण्याचं ऐकायला शिकायचं. त्यासाठी पहिल्याच ‘नको’वर ठाम राहणारा माणूस हवा, आणि तो कोल्हापुरात मिळेना. तू मला सायकलीपासून या क्लासपर्यंत प्रत्येक गोष्टीला ठामपणे नाही म्हणत आलास. तुझ्याइतका सराव कुणाचाच नाही.

आणखी एक. तू येणार, असं फोटोसकट ब्लॉगवर जाहीर करून टाकलं आहे. खाली विजयसिंहाने ‘येऊ देत की, पावण्यांस्नी सोडत न्हाय’ असं लिहिलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. नाही म्हणायचं असेल, तर इथे येऊन ताटावर बसून म्हण.