रितेशच्या शेजारी मी बसले होते

चि. सुधीर, ताईचा आशीर्वाद.

रोज फोन करून तुझं एकच. "ताई, कायदा आता कडक झालाय. पोरगा आत जाईल. बाईच मधे धावली असं सांग." कान किटले रे माझे!

पोलादपूरला वळसा नको म्हणून तुझ्या रितेशनं गाडी उलट्या बाजूनं घातली, वर हातात मोबाईल. मी ओरडले, "समोर बघ!" तो हसला, "आत्या, घाबरतेस काय?" तेवढ्यात कडेनं चाललेली बनुबाई उडाली. माझ्या मांडीवर जीव सोडला तिनं. कायदा आज कडक झाला म्हणून तुला घाम फुटलाय. पोराला आवर म्हणून मी सांगायचे, तेव्हा 'हल्लीची पोरं अशीच' म्हणायचास.

काल तिची सून सुप्रिया आली. भांडली नाय. "काकू, सासूबाई शेवटी काय बोलल्या?"

"म्हशीची धार काढायची हाय, म्हणाली."

तिथंच बसून रडली पोर.

हे पत्र टाकत नाय. वाचलंस तर दारात येऊन बसशील, आणि मला उद्या पोलिसांत जबाब द्यायचा हाय. रितेश आत गेला तर डबा घेऊन आत्याच जाईल. पण बनुबाई मधे धावली, हे माझ्या तोंडून निघायचं नाय.

तुझी ताई,
विठा