पहिला नियम बाबांचा

बाबा,

टॅक्सी खाली आली आहे आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलाय, म्हणून ही चिठ्ठी.

तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी घरच्या इंटरनेटची राखण करणारी जी ओपन सोर्स फायरवॉल बसवली, तिच्यात निघता निघता माती खाल्ली. ती नियम वरून खाली वाचते आणि लागू पडणारा पहिला नियम सापडला की तिथेच थांबते. ‘सगळ्यांना अडव’ हा नियम तळाशी हवा होता, मी टाकला दुसऱ्या नंबरवर. आता आईची मालिका बंद, दादाचं ऑफिस बंद आणि माझा लॅपटॉपसुद्धा दाराबाहेर! वायफाय फक्त तुमच्या फोनला आहे, कारण पहिला नियम तुमचा.

दादाला वायर उपटू देऊ नका, त्याने काही होत नाही. कपाटावरचा मॉनिटर आणि कीबोर्ड त्या कॉम्प्युटरला जोडा आणि संध्याकाळी मला व्हिडिओ कॉल करा. कुठलं बटण दाबायचं ते मी सांगते.

कॉल तुम्हालाच करावा लागेल. मी ही लांबची नोकरी घेतल्यापासून धरलेला अबोला तेवढ्यापुरता सोडा. नंतर हवा तर पुन्हा धरा.

आई म्हणेल, पोरीने हे मुद्दाम केलं. नाही हो. पहिला नियम तेवढा मुद्दाम होता.