नमुना सही

माझा विश्वासघात झाला तो सोमवारी, ४ मार्चला, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. हे वाक्य आज, २१ तारखेला, वर लिहिते आहे. खालचं जसंच्या तसं ठेवलंय. खाडाखोड मला खपत नाही.

४ मार्च
भाच्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. निवृत्तीनंतर घरी बसून माझी जीभ गंजेल, अशी त्याला काळजी. शिवाय कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी छडीने वळण लावलेलं माझं अक्षर त्याला नोंदवहीसाठी हवंय. काम सोपं आहे. रेणूवर आधी प्रकाशाचा झोत मारायचा, लगेच क्ष-किरणांनी त्याला पाहायचं. मधला वेळ इतका थोडा, की त्यापुढे पापणीची उघडझाप म्हणजे युग. कोणता बंध आधी तुटतो ते कळतं. मी म्हटलं, आमच्या घरात ते बिनयंत्राचं कळतं. सगळे हसले. भाचा म्हणाला, आमची मावशी म्हणजे एक नमुनाच आहे. १०.४० ला एका कागदावर ‘नमुना’ या शब्दापुढे सही केली, बँकेत करतो तशी. वाचलं नाही. आपल्याच माणसाचा कागद काय वाचायचा?

८ मार्च
नमुना म-१ प्रकाशाआधी अखंड असतो, नंतर एक बंध सैल. हा पदार्थ कुठला, असं विचारलं. भाचा म्हणाला, घरचाच. माझ्या खुर्चीसमोर भिंतीत वाटोळी काच आहे. तिच्यात हिरवं काही चमकतं. छान दिसतं.

१३ मार्च
म-१ चा पहिला बंध तुटला, ११.०५. जेवणाच्या सुट्टीत बहिणीला पत्र लिहायला बसले. तिचं नाव आठवेना. शेवटी लाज सोडून भाच्याला त्याच्या आईचं नाव विचारलं. त्याने सांगितलं नाही. माझा प्रश्न तेवढा लिहून घेतला.

१८ मार्च
दुसरा बंध. डाव्या हातावर कढत चहा सांडला. भाजलं नाही. चहा हातातून आरपार —

१९ मार्च
खुर्ची बदलून मागितली. ती जमिनीत पक्की बसवलेली आहे. इतके दिवस माझ्या लक्षात कसं —

२१ मार्च
भाच्याच्या टेबलावर माझ्या सहीचा कागद सापडला. खाली त्याचं अक्षर: म-१ म्हणजे मावशी. बंध एक, बहिणीचं नाव. दोन, डावा हात. तीन, आवाज. चौथ्यापुढे काही नाही, फक्त आज दुपारी चार.

आवाज सकाळीच गेला. फाटकापर्यंत गेले. पहारेकरी माझ्यातून पलीकडचा रस्ता बघत होता. परत आले. जाब इथेच विचारायचा.

चि. भाच्यास,
तुझी पहिली अक्षरं याच उजव्या हाताने गिरवून घेतली. तोंडी खुलासा चालणार नाही. माझी सही परत कर. चौथा बंध कोणता, ते लेखी कळव, आज चारच्या आत. वाट पाहते आहे, काचेसमोरच. हिरवं —

लेखी. चारच्या आत. तुझी मा —

हे मी कोणाला लिहीत —