दाराचा टब

रवि. १ मार्च १९८७, फ्रीमाँट

सकाळी नानांना टबमधून बाहेर काढताना अविची पाठ धरली. दोघंही अडकले. नाना टबच्या काठावर, अवि त्यांच्यावर वाकलेला, ना वर ना खाली. मी धावले तर नाना ओरडले, "तू आत नको येऊ." टॉवेल ओढून घेतला अंगावर. मग अविनंच दात खाऊन कसंबसं...

आता तो हॉलमध्ये कार्पेटवर आडवा. डॉक्टर म्हणाले, महिनाभर काही उचलायचं नाही.

नाना, माझे सासरे, नागपूरहून आमच्याकडे राहायला म्हणून आले आणि इथेच झटका आला. डावी बाजू गेली. जीभ वाचली, डोकं शाबूत, काठी घेऊन चार पावलं टाकतात. पण टबचा काठ ओलांडायला पाय उचलत नाही. म्हणून रोज ऑफिसच्या आधी अवि त्यांना उचलून आत ठेवायचा, उचलून बाहेर काढायचा. आता काय करायचं?

बुध. ४ मार्च

नानांची आंघोळ नाही अजून. "थंडी आहे, काहून घाई करता?" थंडी कुठली, शेजारचे लोक शॉर्ट्समध्ये गाड्या धुतायत.

अवि म्हणाला, एजन्सीतून माणूस बोलावू. नाना म्हणाले, परक्यासमोर उघडा बसणार नाही. माझं तर नावही कुणी काढलं नाही. सुनेनं सासऱ्यांना आंघोळ घालायची, हे आमच्या तिघांपैकी कुणाच्याच तोंडून निघेना.

जेवताना त्यांनी खुर्ची माझ्यापासून लांब सरकवली. मला राग आला. भांडी घासताना लक्षात आलं, अंगाला वास येतोय हे त्यांनाच कळतंय.

शुक्र. ६ मार्च

लॅबमधून लवकर सुटले. अवि डॉक्टरकडे. बाथरूमचं दार अर्धवट उघडं, आत नाना बेसिनला टेकून उभे. नॅपकीन ओला करून अंग पुसायचं चाललेलं. एका हातानं पिळता येईना, तर नळाला गुंडाळून पीळ देत होते. सदरा पुढून सगळा भिजलेला.

दारावर टकटक केलं.

"नाना, आज मी घालते आंघोळ."

"नाही."

"माझ्या बाबांना घातली असती मी."

"ते बाप आहेत तुझे."

"मग तुम्ही कोण?"

नाना भिंतीकडे बघत म्हणाले, "तू डोळे मिटशील?"

"मी मिटले तर तुम्ही पडाल."

"बरं. मग मी मिटतो."

जमिनीवर जुनी बेडशीट, टॉवेल, वर अंगणातली प्लास्टिकची खुर्ची. बादली, मग. पंचा नेसून बसले, डोळे गच्च मिटलेले, लहान मुलाला साबण झोंबतो तसे. पाठीवर गरम पाणी पडलं तेव्हा केवढा मोठा श्वास सोडला.

पाणी पार हॉलपर्यंत आलं. पुसताना रडू आलं. कशाचं, ते माहीत नाही.

मंगळ. १० मार्च

हॉस्पिटलची थेरपिस्ट घरी आली, कॅरल. टब मोजला, नानांना उठबस करायला लावली. मग एका कॅटलॉगमधलं चित्र दाखवलं. टबला दार. बाजूनं चालत आत जायचं, आतल्या बाकावर बसायचं, दार ओढून खटका लावायचा, मग पाणी सोडायचं. म्हणाली, खटका उजव्या हाताला येईल असाच मागवा.

नाना चित्राकडे बघत राहिले. "भरल्या पाण्यात दार उघडलं तर?" मी इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, उघडतच नाही, पाणी उतरेपर्यंत आत बसून राहायचं.

जाताना नानांचा आणखी एक प्रश्न. "बाथरूमला आतून कडी लावता येईल ना?" हे मी तिला विचारलं नाही.

शनि. ११ एप्रिल

टब बसला. जुना समोर लॉनवर पडलाय, पोस्टमननं विचारलं, विकायचाय का.

पहिली आंघोळ. अविची पाठ बरी आहे, तो आत, मी बाहेर. नाना स्वतःच्या पायानं आत गेले, बसले, दार लावलं, खटका स्वतः ओढला. इथवर छान. पण टब खोल, हीटरची टाकी लहान. कमरेपर्यंत भरेस्तोवर गरम पाणी संपलं. मी किटलीवर किटली उकळून दारापर्यंत नेतेय, अवि ओततोय. मग पाणी उतरायला एवढा वेळ की दात वाजायला लागले.

"अवि, यात माणूस बुडणार नाही," आतून नानांचा आवाज, "गारठून मात्र मरेल."

झटक्यानंतर पहिल्यांदा विनोद केला त्यांनी. अवि आत हसत होता, मी बाहेर किटली धरून.

रवि. १९ एप्रिल

टाकी मोठी बसवली. छताला गरम दिवा लावला. आता नाना एकटे जातात. करार असा: कडी नाही, बाथरूमचं दार वीतभर उघडं, मी पॅसेजमध्ये पाठ करून बसायचं.

पाणी उतरत असतं तो वेळ त्यांना जात नाही, म्हणून बोलतात. लग्नाला आठ वर्षं झाली, एवढं कधी बोलले नव्हते. आज म्हणाले,

"तुझ्या सासूला शेवटी मीच घालायचो आंघोळ. अविला ठाऊक नाही, तो तेव्हा इथं शिकत होता."

मी सासूबाईंना फक्त फोटोत पाहिलंय. विचारलं, "त्या घालू द्यायच्या?"

"भांडायची. पाणी कढत नाही, पाठ नीट घासत नाही. मी म्हणायचो, मला काय लाजतेस? मला वाटे, नवऱ्याची कसली लाज." मग पाण्याचा गुडगुड आवाज. "खूप लाजत असेल गं ती. मला कळलं नाही."

टॉवेल आत सरकवला.

शनि. ९ मे

भांडण. आम्ही दोघं ग्रोसरीला गेलेलो. आलो तर नाना सोफ्यावर, धुतलेला सदरा, भांग वाकडा, केसांतून पाणी निथळतंय. घरात कुणी नसताना आंघोळ केली.

अवि भडकला. "पडला असता तर?"

"नाही पडलो."

"पण पडला असता तर, नाना?"

"तर पडलो असतो. तू काय जन्मभर पॅसेजमध्ये बसवणारेस हिला?"

अवि खोलीत गेला. मी किराणा लावत राहिले. मला दोघांचंही पटत होतं. आणि थोडं, अगदी थोडं, वाईटही वाटलं, की आज पॅसेजमध्ये बसायचं नाही.

रवि. ७ जून

नागपूरहून सुषमाताईंचा फोन. अविची मोठी बहीण. त्यांनी तळमजल्यावरची खोली रिकामी केलीय, बाथरूममध्ये खुर्ची मावते, रोज आंघोळ घालायला एक माणूस ठरवलाय. "नानांना आता पाठवा. तिकडे किती दिवस परक्यासारखे राहणार?"

परक्यासारखे. फोन अविकडे दिला. तो माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. शेवटी नानांनीच हात पुढे केला. त्यांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून मी मागच्या अंगणात गेले. मेथी खुडायची होतीच.

तिथं त्यांचं घर आहे, मित्र आहेत, बोलायला माणसं आहेत. इथं दिवसभर टीव्ही आणि खिडकी. राहा म्हणायचा मला काय हक्क? आणि जा तरी कोणत्या तोंडानं म्हणू?

काठीचा आवाज आला. नाना पायरीपाशी येऊन थांबले.

"कळवतो म्हणालो सुषमाला."

"काय कळवणार?"

"ते कळलं की आधी तुला सांगीन."

पायरी आपली आपण उतरले, खुर्ची ओढली आणि मेथीची अर्धी जुडी माझ्या हातातून घेतली. एका हातानं पानं खुडत बसले.