पुलापर्यंतची सोबत

४ ऑक्टोबर, सोमवार

गुडघे संपले. पहिल्याच दिवशी!

दिवसभर मिनीबस. हिला खिडकी हवी, म्हणून मी आत, नेमका चाकावरच्या सीटवर. प्रत्येक खड्डा थेट कमरेत. मुलाने मोठ्या हौसेने बुकिंग केलं — युद्धभूमी आणि स्मारकं, छोटा ग्रुप, अनुभवी मार्गदर्शक. "आईला एकदा तिथे जाऊन यायचंय, काका. तुम्ही जा ना सोबत." नाही कसं म्हणणार? हिचा पहिला नवरा तिथे पडला. चाळीस वर्षं झाली. ही कधी गेली नव्हती. जायचंय असं मला तरी कधी बोलली नव्हती. मुलाला बोलली असेल.

माणसं मोजकी. एक निवृत्त मास्तर, हातात नकाशा, तोंडात शंका. एक नवं जोडपं — नदी आणि डोंगराचे फोटो बघून त्यांनी चुकून हीच सहल घेतली! आणि मार्गदर्शक. माजी सैनिक, किंचित लंगडतो, आवाज खणखणीत. मी मनातल्या मनात त्याचं नाव कप्तान ठेवलंय. वरची अख्खी कवळी आहे त्याला. बनवणाऱ्याने घाई केलेली. 'श' आणि 'स' एकच येतात. शहीदचं सहीद होतं. आयुष्यभर कवळ्याच बनवल्या, मला दुसरं काय दिसणार?

पहिलं स्मारक रस्त्याकडेलाच होतं. दगडी खांब, भोवती साखळी. कप्तानने यादी काढली. हिच्या नावापुढे 'वीरपत्नी', माझ्या नावापुढे 'सोबत'.

"मंडळी, आज आपल्यात एक वीरपत्नी आहेत!"

सगळे वळले. मास्तरांनी टोपी काढली. कप्तानचे डोळे खरोखर भरून आले. तसाच तो माझ्याकडे वळला — "आणि आपण वहिनींचे बंधू ना?"

मी म्हणालो, "हो."

का म्हणालो? कंटाळा आला होता. पाय दुखत होते. त्याचं भरून आलेलं तोंड पाडावंसं वाटलं नाही. 'नाही हो, मी दुसरा' — मग त्याचा 'अच्छा', मग सगळ्यांचं नीट निरखून बघणं. नको झालं.

ही दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने ऐकलं.

हॉटेलवर कप्तानने किल्ल्या वाटल्या. "वहिनींना वरची स्वतंत्र खोली. भाऊसाहेब, तुम्ही मास्तरांबरोबर." हिने बॅग उचलली आणि जिना चढून गेली.

माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या तिच्या बॅगेत! वर जाऊन दार वाजवावं लागलं. दार अर्धंच उघडलं. हात बाहेर आला, हातात गोळ्यांची पट्टी.

"घ्या, दादा."

दादा!!

५ ऑक्टोबर

मास्तर घोरतात. मध्येच थांबतात, तेव्हा जास्त भीती वाटते.

आज खंदक. वाकून आत जायचं, वाकून बाहेर यायचं. आत ओल, माती, कोणीतरी टाकलेली चॉकलेटची चांदी. कप्तान एकेका वळणाशी थांबून सांगतो — इथे अमुक पडला, इथे तमुक. तीच गोष्ट तो कितव्यांदा सांगत असेल, पण दर वेळी वाकून तिथल्या मातीला हात लावतो. खोटा नाही माणूस. म्हणूनच अडचण.

नवी नवरी मला 'मामा' म्हणायला लागलीय. हिला 'मावशी', मग मी मामाच. "मामा, हात द्या." "मामा, पाणी?" पोरगी गोड आहे. मामा पाणी पितो.

दुपारी बाकावर ही एकटी सापडली. हळूच म्हणालो, "सांगून टाकू का?"

"तुमची मर्जी. सुरुवात तुम्ही केलीत."

"मग तू का गप्प राहिलीस?"

"मला वाटलं, तुम्हाला असंच बरं वाटतंय."

मग मास्तर नकाशा घेऊन आले. नदी नक्की कुठल्या बाजूला होती ही त्यांची शंका. मी म्हणालो, अजून तिथेच असेल.

झोप नाही. हिच्या पहिल्या नवऱ्याचा फोटो डोळ्यांपुढे येतो. आमच्या बाहेरच्या खोलीत, दारातून शिरल्या-शिरल्या समोर. टोपी, मिटलेले ओठ, नजर रोखलेली. लग्न करून ही आली ती दोन वर्षांचं मूल आणि तो फोटो घेऊन. मीच खिळा ठोकला. पुसतोही मीच, कारण हिचा हात पोचत नाही. मुलासाठी तो बाबा, मी काका. तसंच ठरलं होतं आणि मला ते तेव्हा रास्त वाटलं होतं. अजूनही वाटतं.

मूल विचारायचं — बाबा पोहायचे का? बाबा घाबरायचे का? हिला उत्तरं यायची नाहीत. त्या दोघांचा संसार म्हणजे एक उन्हाळा आणि दोन सुट्ट्या! मग मीच सांगायचो. पोहायचे तर! नदी आरपार. शीळ वाजवायचे. अंधाराला बिलकुल भ्यायचे नाहीत. मुलाला त्याचा बाप मीच बनवून दिला. कवळी बनवतो तसा — माप दुसऱ्याचं, हात माझा. आणि मग आपणच बनवलेल्या त्या माणसाच्या शेजारी उभं राहायची मला भीती वाटायला लागली. शीळ मला येत नाही. पोहताही येत नाही.

६ ऑक्टोबर

बस. चढ. स्मारक. बस. उतार. स्मारक. जेवायला तेच सूप, तोच पाव.

हिने न मागता माझ्याकडे मीठ सरकवलं. दिवसभरात एवढंच.

७ ऑक्टोबर, गुरुवार

आजचं लिहिलंच पाहिजे.

संग्रहालय. पूर्वी शाळा असावी, खिडक्यांवरून वाटतं. काचेत बूट, पाण्याच्या बाटल्या, एक फुटका आरसा. शेवटच्या खोलीत भिंतभर एक फोटो — हिच्या पहिल्या नवऱ्याची तुकडी. लढाईच्या आधी काढलेला. तीसेक पोरं, कोणी बसलेली, कोणी उभी, सगळी हसतायत. फोटो काढणाऱ्याने काहीतरी विनोद केला असणार.

कप्तान म्हणाला, "वहिनी, हे मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. यात साहेब आहेत. ओळखा!"

सगळे भोवती जमले. हिने चष्मा पुसला. पहिली रांग बघितली. दुसरी बघितली. पुन्हा पहिली. हिच्या मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता. मग तिचं बोट एका उंच पोरावर जाऊन टेकलं.

तो नव्हता.

मला दिसला होता. आत शिरल्यापासून दिसत होता. दुसऱ्या रांगेत, कडेला, बारीक चणीचा, तोंड फाकून हसणारा. वरचा डावा दात शेजारच्यावर चढलेला. तो दात मी आमच्या मुलाच्या तोंडात इतकी वर्षं बघतोय! मुलगा शाळेत होता तेव्हा मी तो सरळ करायला निघालो होतो. ही म्हणाली, राहू दे. मी समजलो, खर्चाला भिते.

मी पुढे झालो, तिच्या कोपराला हात लावला, बोट हळूच सरकवलं. मोठ्याने म्हणालो, "ताई, चष्मा बदलायला झालाय तुझा."

कप्तान म्हणाला, "बरोब्बर! भावाने पण ओळखलं!" मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. ही रडायला लागली. नवरीने तिला धरलं. सगळ्यांना वाटलं, आठवण आली.

संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या पायऱ्यांवर बसली होती. मी बसलो शेजारी. बसायला वेळ लागतो आता.

"तुम्हाला कसा सापडला?"

"दात."

मग म्हणाली, "मला आठवतच नाही हो, तो हसताना कसा दिसायचा. माझ्याकडे तो एकच फोटो. रोज बघून बघून बाकीचं सगळं पुसलं गेलं. आणि ही माणसं माझ्यासाठी टोपी काढतायत."

तिची चप्पल सुटली होती, ती सरळ करून दिली. वरच्या मजल्यावरून नवरा-नवरीचं हसणं येत होतं. ही म्हणाली, "जा आता. मास्तर वाट बघत असतील." पण आवाजात धार नव्हती.

८ ऑक्टोबर

पूल.

म्हणजे जुना पूल नाहीच. पाण्यात त्याचे दोन तुटके खांब उभे आहेत, त्यांवर गवत. शेजारून नवा पूल, त्यावरून ट्रक जातात. काठावर काळ्या दगडाची लांब भिंत, भिंतीवर नावं. वारा असा की कप्तानला ओरडून बोलावं लागत होतं.

त्या तुकडीने पूल कसा राखला ते कप्तानने सांगितलं. चांगलं सांगितलं. मास्तरसुद्धा मध्ये बोलले नाहीत. मग तो हिच्याकडे वळला.

"आणि या वहिनी! बाविसाव्या वर्षी सगळं गेलं. पोटात मूल. पण दुसरा विचार मनाला शिवू दिला नाही. चाळीस वर्षं एकटीने —"

"थांबा जरा," ही म्हणाली.

मोठ्याने नाही. पण तो थांबला.

"हे माझे भाऊ नाहीत. हे माझे मिस्टर आहेत."

वाऱ्यावर कोणाची तरी प्लास्टिकची पिशवी फडफडत होती, तेवढाच आवाज. मग मास्तर — "अहो, मग चार रात्री तुम्ही माझ्या खोलीत काय करत होता?"

नवरी फिसकन हसली आणि तिने तोंडावर हात दाबला. मला वाटलं, त्या नदीत उतरावं सरळ. पोहता येत नसलं तरी!

कप्तानचा चेहरा बघवेना. त्याचं काहीतरी आपण मोडलं असं वाटलं. तो म्हणाला, "वहिनी, मग पहिल्याच दिवशी बोलला का नाहीत?"

"दमले होते," ही म्हणाली. "प्रत्येक कार्यक्रमात मला एकटीला वर बोलावतात. हे मागे खुर्चीवर. दर वेळी सांगायचं, मग दर वेळी लोकांची तोंडं बघायची. दमले मी. इथे हे आपणहून भाऊ झाले, म्हटलं, होऊ देत. पण तुम्ही 'एकटीने' म्हणालात. एकटीने नाही. मूल यांनी वाढवलं. रात्र-रात्र कवळ्या घासून वाढवलं."

एवढं सलग ती कधी बोलली होती? मला आठवत नाही.

मग तिने हातातली फुलं माझ्याकडे दिली. "तुम्ही ठेवा."

भिंतीपाशी गेलो. नाव खालच्या ओळींत होतं, म्हणून गुडघे टेकावे लागले. नाव, हुद्दा, गाव. पुढे वय — चोवीस.

मला माहीत नव्हतं असं नाही. हिशोब सरळ आहे. पण कधी केलाच नव्हता. मी त्या साली अठ्ठावीसचा. तो माझ्याहून लहान! आमच्या मुलाहून कितीतरी लहान. मी आयुष्यभर त्याच्यापुढे धाकट्यासारखा वावरलो आणि हा पोरगा. दातावर दात चढलेला, कोणाच्या तरी विनोदाला खदाखदा हसणारा पोरगा. त्याने आपलं बाळ पाहिलंसुद्धा नाही. पोहत होता की नव्हता, देव जाणे. अंधाराला भीत असेलही. इथे, या पाण्यावर, रात्री — भ्यालाच असेल.

फुलं ठेवली. हळूच सांगितलं, मुलगा चांगला निघालाय.

उठता येईना. कप्तान आणि नव्या नवऱ्याने दोन्ही बगलांना धरून उभं केलं. कप्तानने माझी विजार झटकली. अगदी गुडघ्यांपासून, लहान मुलाची झटकावी तशी.

रात्री एका खोलीत. हिचे हात थंडगार होते. झोपेपर्यंत ते माझ्या हातांत होते. बरं वाटलं.

९ ऑक्टोबर

परतीचा प्रवास. कमर गेलीच आहे. मला काय हाक मारावी ते कप्तानला अजून ठरवता येत नाही — 'भाऊ —', मग थांबतो, मग 'साहेब'. निरोप घेताना मीच म्हणालो, एकदा कवळी घेऊन या, तुमचा 'श' काढून देतो. आधी चमकला. मग कवळी सुटेल इतका हसला!

१० ऑक्टोबर, रविवार

घरी. मुलाचा फोन आला. मी म्हणालो, झालं बाबा, तुझ्या आईची इच्छा पुरी झाली.

तो म्हणाला, "काका, आईची कसली इच्छा? तिला कुठे जायचं होतं! तसं सांगितलं नाही तर तुम्ही निघणार नाहीत, म्हणून तिने मला तसं बोलायला लावलं. म्हणाली, हे त्या फोटोपुढे जन्मभर अंग चोरून राहिले. एकदा दोघांना समोरासमोर येऊ देत."

फोन ठेवला. ही आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. दारात उभा राहिलो. हाक मारली नाही.

जागी होती.